दुसऱ्याची हजेरी

१९ जानेवारी

आत्या,

साष्टांग नमस्कार शेवटी घालते, आधी ऐक. पोचले. हातीपायी धड पोचले. बॅगेच्या एका चाकाने मात्र वाटेतच संन्यास घेतला, त्यामुळे बसथांब्यापासून वसतिगृहापर्यंत ती फरफटत आणताना असा काही खडखडाट झाला की लोक खिडक्यांतून डोकावले. तू बजावलं होतंस ना, परक्या गावात गुपचूप जायचं, शहाण्यासारखं राहायचं? वाजतगाजत आले.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तू जपून डब्यात ठेवतेस, म्हणून पत्रं लिहायची असं आपलं ठरलंय. माझं काय, टकळी चालल्याशी कारण. तोंडाने नाही तर हाताने.

खोली एवढीशी आहे. पलंगावर बसून एक हात लांब केला की टेबल, दुसरा केला की खिडकी. शेजारच्या खोलीत माझ्याच बसने आलेली एक मुलगी आहे, तिसऱ्याच कुठल्या तरी देशातली. तिच्या खोलीतला हीटर मेलेला आहे, म्हणून ती झोपतानाही लाल लोकरीची टोपी घालते. मी तिचं नाव टोपीवाली ठेवलंय. आलो तेव्हा दुकानं बंद झाली होती, तर आम्ही दोघींनी तिच्याकडचा एकुलता एक बिस्किटांचा पुडा वाटून खाल्ला. बोलताना ती अडखळते, मीही अडखळते, त्यामुळे छान जमतं.

आता मुख्य बातमी, ओरिएंटेशन. नव्या मुलांना सगळं दाखवायचं, नियम सांगायचे, ओळखी करून द्यायच्या. वर्षाच्या सुरुवातीला येतात त्यांचं म्हणे आठवडाभर चालतं. आम्ही वर्षाच्या मध्यात उगवलेले, पंगत उठल्यावर आलेले पाहुणे. आमचं एका दिवसात उरकलं. सभागृहात चाळीसेक टाळकी. दारात लांब टेबल, त्यावर प्रत्येकाच्या नावाची गळ्यात घालायची पट्टी. इथल्यांची हिरवी, परदेशातून आलेल्यांची नारिंगी. आपली उचलायची, गळ्यात घालायची, आत जाऊन बसायचं. हीच हजेरी. एक स्वागतबाई आहेत, त्या इतक्या हसतात की बघून आपलेच गाल दुखतात. दुसऱ्या किल्लीमावशी. सगळं वसतिगृह त्यांच्या ताब्यात, कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. त्या अजिबात हसत नाहीत.

टोपीवाली आलीच नाही. सकाळी दार किलकिलं करून म्हणाली, पोटात दुखतंय, तू हो पुढे. पहिल्याच दिवशी गैरहजर! मग मी काय केलं असेल? आमच्या कॉलेजात सगळ्यांनी सगळ्यांसाठी केलं तेच. किल्लीमावशींची पाठ वळली तशी तिचीही पट्टी उचलली आणि कोटाच्या खिशात टाकली. टोपीवाली हजर! परदेशात येऊन पहिलं पुण्यकर्म केलं ते प्रॉक्सीचं. तू असतीस तर खुदकन हसली असतीस.

उद्या तिला पट्टी देईन. आत्ता जाते, खालच्या मजल्यावर आमच्या नव्या घोळक्याने बोलावलंय.

बाबा काही बोलले का गं माझ्याबद्दल? चष्म्याच्या दुकानाच्या पाटीवर 'आणि कन्या' हे दोन शब्द रंगवून घेतल्याला वर्षही झालं नव्हतं, आणि कन्या निघाली. चूक माझीच आहे. जागा मिळाल्याचं त्यांना आठ दिवस आधी सांगितलं. पण निघताना काउंटरमागून उठले असते, नुसतं 'जा' म्हणाले असते, तरी मला पुरलं असतं. त्यांना सांग, चष्मा नीट आहे.

आता घालते साष्टांग नमस्कार.

तुझी टकळी


३० जानेवारी

टकळे,

पोस्टमनने जिन्याखालून म्हणे तीनदा हाक मारली, मला चौथी ऐकू आली. यंत्रावरून मारलेला टोमणा पोचला. त्या यंत्रातून रस्त्यावरच्या झाडून सगळ्या गाड्या ऐकू येतात, माणसं तेवढी ऐकू येत नाहीत. टेलिफोन एक्स्चेंजात मी साऱ्या गावाची बोलणी जोडून दिली, आता माझ्या कानांनी पेन्शन घेतली तर तुझं काय जातं?

त्या पोरीची हजेरी लावलीस, बरं केलंस. माणूस माणसाच्या उपयोगी पडतो तो असाच. एक्स्चेंजात कुणाचं मूल तापलेलं असायचं, कुणाची बस चुकायची. सुपरवायझरीणबाईंनी नाव पुकारलं की जी जवळ असेल तिने 'हजर' म्हणायचं. माझ्या नावाने किती जणी ओरडल्या असतील आणि मी किती जणींच्या! कुणाच्या डोक्यावर आभाळ कोसळलं नाही. तुझ्यात माझे गुण उतरलेत, हे तुझ्या बापाला आवडत नाही, पण त्याला आता इलाज नाही.

पत्र त्याच्यासमोर मोठ्याने वाचलं. बॅगेच्या चाकाचं ऐकून हसला. म्हणाला, "पोरीला लिही, थंडीत डोळ्यांतून पाणी येतं, तर चष्मा वरचेवर ओढणीला पुसत जा." बघ, काळजी आहे. तोंडाने बोलत नाही एवढंच. दुकान चालतंय. मी वरून खाली आणि खालून वर करते, गुडघे कुरकुरतात.

वेळेवर जेव. घोळक्यात फार हुंदडू नकोस.

तुझी आत्या


११ फेब्रुवारी

आत्या,

पत्र मिळालं. बाबा हसले, हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. ओढणीला पुसायचं म्हणाले याचं मात्र नवल वाटलं.

इथे एक वाईट झालं. टोपीवाली हॉस्पिटलमध्ये आहे. तिचं अपेंडिक्स पोटातच फुटलं होतं. ऑपरेशन झालं, बरेच दिवस काही सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणत होते. आता धोका टळलाय. मी रोज वर्ग सुटला की जाते, तिचे केस विंचरते. तिच्या आईचा फोन येतो. तिची भाषा मला येत नाही. ती बाई नुसती रडते आणि मी नुसतं हो हो म्हणते.

स्वागतबाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. म्हणाल्या, ओरिएंटेशनमधून आम्हाला हेच हवं असतं, एकाने दुसऱ्याला सांभाळावं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला ते नको होतं.

बाबांना एक विचारशील? एखाद्याला आपण चुकीच्या नंबरचा चष्मा दिला आणि तो घालून तो माणूस जिन्यावरून पडला, तर दोष कुणाचा? दुकानात असं कधी झालंय का? सहज विचारते.

अक्षर वाईट आलंय. हात गारठलेत.

तुझी टकळी


२२ फेब्रुवारी

टकळे,

हे कसलं पत्र? चार ओळींत आटोपलंस. एक विनोद नाही, एक चहाडी नाही. मी उलटून पाहिलं, मागे काही आहे का म्हणून.

मला कळलं तुझं दुखणं. घरची आठवण येतेय. कबूल करायला कमीपणा वाटतोय एवढंच. अगं, सगळ्यांनाच येते. ती पोर बिचारी मरणाच्या दारातून परत आली. पण तू आहेस तिला, हे केवढं तिचं नशीब! परमुलखात रोज केस विंचरायला कोण येतं? कौतुक होतंय तर होऊ दे की. आपल्या घरात कौतुकाची तशीही टंचाईच असते.

तुझा प्रश्न बाबाला विचारला. म्हणाला, "दोष घालणाऱ्याचा. जिना उतरताना बघून उतरायला नको?" आणि म्हणाला, "पोरीचा अभिमान वाटतो मला." बघ हो! मी कानाने ऐकलं, म्हणजे केवढ्याने म्हणाला असेल.

पुढचं पत्र पानभर तरी हवं.

तुझी आत्या


५ मार्च

आत्या,

पानभर मागितलंस, घे. पण हे बाबांसमोर वाचण्याआधी एकटी वाच.

टोपीवालीचं नशीब मी नाही. तिच्यावर जे आलं ते माझ्यामुळे आलं.

ती पट्टी आठवते? टेबलावर पट्ट्या ठेवतात त्या शोभेसाठी नव्हेत. सभागृहात सगळे बसल्यावर स्वागतबाईंनी सांगितलं, की वर्षाच्या मध्यात येणाऱ्यांना इथे कुणी ओळखत नाही. एखादा खोलीत आजारी पडला, रस्ता चुकला, घाबरून बसून राहिला, तर तो नाही हे कुणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून दुपारी टेबलावर ज्याची पट्टी उरेल, त्याच्या खोलीचं दार किल्लीमावशी वाजवणार. उघडलं नाही तर आपल्या किल्लीने उघडून आत बघणार. हा त्यांचा नियम, कधीपासूनचा.

हे मी ऐकलं, आत्या. तुला लिहिलं नव्हतं. पट्टी माझ्या खिशात होती, हात पट्टीवर होता आणि मी ऐकत होते. मनात आलंही, की उठावं आणि टेबलावर परत ठेवून यावी. पण मी मधल्या रांगेत होते. सगळ्यांचे गुडघे ओलांडून जावं लागलं असतं, लोक बघतील, कोण ही बावळट म्हणतील. पहिलाच दिवस. मी बसून राहिले. म्हटलं, दुपारी मीच बघून येईन तिला, किल्लीमावशी कशाला हव्यात.

दुपारी घोळका गाव बघायला निघाला, मी त्यांच्याबरोबर गेले. संध्याकाळी तुला ते विनोदी पत्र लिहिलं. भिंतीपलीकडे ती होती. लिहिताना मला एकदा काही तरी आवाज आला होता, मला वाटलं पाइप वाजतोय. पत्र संपवून मी खाली गप्पा मारायला गेले. दुसऱ्या दिवशी विषय निवडायचे होते, ग्रंथालयाचं कार्ड करायचं होतं, आणि खरं सांगू, मी तिला विसरले. अगदी साफ विसरले. बिस्किटं खाल्ली होती तिची.

तिसऱ्या दिवशी सकाळी हीटर दुरुस्त करणारा माणूस आला म्हणून तिचं दार उघडलं गेलं. ती पलंग आणि टेबलाच्या मधे जमिनीवर पडली होती. टोपी डोक्यावर होती. त्या हीटरवाल्याची हाक ऐकून मी बाहेर आले तेव्हा कोट माझ्या अंगातच होता.

तिला यातलं काही ठाऊक नाही. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं नाव घेतलं ते माझं. सगळ्यांना सांगते, ही माझी इथली पहिली मैत्रीण. मी केस विंचरते ते मायेने विंचरते असं तिला वाटतं.

अजून आहे. चौकशी लागली आहे. ऑफिस किल्लीमावशींना विचारतंय, तुम्ही दार का वाजवलं नाही? त्या सांगतात, टेबलावर एकही पट्टी उरली नव्हती. ऑफिस म्हणतं, मुलगी आली नाही तर पट्टी गेली कुठे? टेबल आवरताना तुम्हीच टाकून दिली असणार. त्यांना घरी बसवलंय. महिनाअखेरीला निर्णय आहे, आणि तो काय होणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. परवा त्या आपला डबा आणि चपला न्यायला आल्या होत्या. कमरेला जुडगा नव्हता. मी जिन्यात बाजूला झाले. त्या म्हणाल्या, "तुझी मैत्रीण कशी आहे गं?" मी म्हटलं, "बरी आहे."

आमच्यासारख्या मधेच आलेल्यांचं पहिलं सत्र कच्चं धरतात. वागणूक, अभ्यास, सगळं बघून मग जागा पक्की होते. मी बोलले तर जागा जाईल. बाबांना दुखवून मिळवलेली जागा. परत येऊन कुठल्या तोंडाने त्या पाटीखाली उभी राहू?

काय करू ते तू सांग. बाबांना विचारून सांग. मला ठाऊक आहे मी काय करतेय ते. पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत मला गप्प बसायला सबब मिळते, म्हणून विचारतेय. तरी विचारते.

टकळी


१६ मार्च

बाळा,

पत्र वाचून मी देवासमोर नाही, तुझ्या रिकाम्या पलंगावर जाऊन बसले.

आता नीट ऐक. जे झालं ते झालं. तू मुद्दाम केलंस का? नाही. ती पोर वाचली का? वाचली. मग आता उकरून काढायचं कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या किल्ल्यांच्या बाईचं वाईट वाटतं, पण त्या आपल्या गावात आहेत, आपल्या माणसांत आहेत, काही ना काही होईल त्यांचं. तुझं कोण आहे तिथे? एवढीशी पोर तू, एवढ्याशा खोलीत. तुला तिथून हाकललं तर तू सावरायची नाहीस, मी तुला ओळखते. त्यातून 'हजर म्हटलं तर कुणाच्या डोक्यावर आभाळ कोसळलं नाही' असं मीच तुला लिहून बसले. ते वाक्य सारखं डोळ्यांपुढे येतं. दोष द्यायचाच तर मला दे. लहानपणापासून हेच शिकवलं मी तुला, आपल्या माणसाला झाकायचं.

बाबालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पोरीला लिही, गप्प राहा. अभ्यास कर. आपलं आपण बघावं." तेव्हा आता दोघांचंही एकच सांगणं आहे. ऐक आमचं.

जेवतेस ना?

आत्या


२८ मार्च

आत्या,

पाच दिवसांपूर्वी तुझं पत्र आलं. दुसऱ्याच दिवशी सगळं सांगून आले.

तुझं ऐकलं नाही म्हणून रागावू नकोस. खरं म्हणजे तुझ्याच पत्राने मला उठवलं. 'गप्प राहा' हे तू म्हणालीस ते मला समजलं. त्यात तुझी माया आहे, ती मी आयुष्यभर खाल्ली आहे. पण पुढे बाबांचं वाक्य वाचलं आणि मी थांबले. हे बाबा बोलूच शकत नाहीत. गिऱ्हाइकाने दहा वेळा 'छान दिसतंय, चालेल' म्हटलं तरी नंबर पाव एवढा चुकला असेल तर काच उतरवून घेणारा माणूस. शेजारच्या गल्लीतल्या मास्तरांच्या घरी जाऊन, "तुम्हाला चुकीची काच दिली, परत करा" म्हणाले होते, मास्तरांना पत्ताही नव्हता तेव्हा. ते म्हणतील, दोष घालणाऱ्याचा? ते म्हणतील, ओढणीला पूस? ओढणीला चष्मा पुसला म्हणून माझ्या हातावर चापट बसलेली तूच पाहिली आहेस.

मग मी विचार केला, बाबांना खरंच विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते. उत्तर यायला पत्राची गरज पडली नाही.

आधी स्वागतबाईंकडे गेले. पट्टी टेबलावर ठेवली. त्यांचं हसू गेलं ते परत आलं नाही. त्या म्हणाल्या, "आणि मी तुझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या." नंतर मोठ्या साहेबांसमोर पुन्हा सगळं सांगावं लागलं. जागा जाणार नाही, पण पक्कीही झालेली नाही. कच्चं सत्र वर्षभर लांबवलंय. आणि पुढची तुकडी येईल तेव्हा मला पुन्हा ओरिएंटेशनला बसायचं आहे, अगदी पहिल्यापासून, नारिंगी पट्टी गळ्यात घालून. दुपारी उरलेल्या पट्ट्या घेऊन किल्लीमावशींबरोबर दारं वाजवत फिरायचं, हेही माझ्याकडे दिलंय.

म्हणजे किल्लीमावशी परत येणार. त्यांच्या घरी मी स्वतः गेले. दारातच सांगितलं, आत बोलावतील अशी अपेक्षाही नव्हती. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मी दार वाजवलं असतं." पुन्हा तेच म्हणाल्या, आणि आत गेल्या.

टोपीवाली गेल्या आठवड्यात खोलीवर परतली आहे. तिला सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. तिने मधेच एकदा विचारलं, "तू विसरलीस?" रागाने नाही, नीट कळावं म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. तिने तिची पट्टी मागितली. ती मी ऑफिसातून परत मागून आणली होती, ती दिली. तिने उशाशी ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. आता माझ्याशी बोलत नाही. मी रोज सकाळी वर्गाला जाताना तिचं दार वाजवते. ती आतून "आहे" म्हणते. दार उघडत नाही. मी पुढे जाते.

आता मला एकच विचारायचं आहे. बाबांची ही वाक्यं कुणाची, आत्या? मी भांडत नाहीये. भांडायचा हक्क मला आत्ता नाहीच. पण मला खरं काय ते हवंय, ते कसंही असलं तरी.

तुझीच
टकळी


८ एप्रिल

टकळे,

माझी.

सगळी माझी. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी खरंच दुकानात घेऊन गेले होते. "पोरीचं पत्र आलंय, वाचते," म्हटलं. तो उठला, शटरपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. मी चाकापर्यंत वाचलं, मग मलाच वाचवेना. हसला बिसला नाही. तू तर विचारलं होतंस, बाबा काही बोलले का. 'नाही' हे दोन अक्षरी उत्तर मला कागदावर उतरवता आलं नाही. म्हटलं, तो बोलेल आज ना उद्या, तोवर आपण त्याच्या वतीने हजर म्हणावं. पुढे सवय लागली. खोटं बोलताना मला छानही वाटायचं, हे सांगायला लाज वाटते. 'अभिमान वाटतो' लिहिलं तेव्हा मी डोळे पुसले, जसं काही त्यानेच म्हटलंय.

माझ्या लक्षात आलं नाही, की मी हजेरी लावत गेले म्हणून त्याचं दार कुणी वाजवलंच नाही. मीसुद्धा नाही. पोरीला उत्तरं पोचतायत, पोर खूश आहे, मग त्याला बोलतं करायची घाई कुणाला? दोन महिने तो खाली आणि मी वर, आणि मधे मी लिहिलेला एक बाप.

आणि गप्प राहा हे त्याच्या तोंडी घातलं, ते तर पाप केलं. माझं एकटीचं तू ऐकणार नाहीस म्हणून त्याचं वजन टाकलं. पण तू बापाला माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस, हे बरं झालं.

तुझी सगळी पत्रं आज त्याच्या काउंटरवर नेऊन ठेवली. म्हटलं, "मी तुझ्या नावाने हिला खोटी उत्तरं लिहिली. आता काय करायचं ते कर." आणि वर आले. यंत्र कानात घालून बसले आहे. खालून शटर ओढल्याचा आवाज आला. भर दुपारी.

पुढे काय होईल ते मला माहीत नाही, आणि माहीत नसताना यापुढे काही लिहिणार नाही.

तुझी आत्या


१० एप्रिल

पोरी,

पत्रं वाचली. सगळी. गिऱ्हाईक समोर असताना वाचवेनात म्हणून दुकान बंद ठेवलं.

आधी तुझ्या प्रश्नाचं. चुकीच्या नंबरचा चष्मा दिला तर दोष देणाऱ्याचा. घालणारा विश्वासाने घालतो. देणाऱ्याने जाऊन कबूल करायचं, बरोबर करून द्यायचा आणि तो बोलेल ते उभं राहून ऐकायचं. पुन्हा तो आपल्या दुकानाची पायरी चढेल की नाही, ही त्याची मर्जी. तू सांगितलंस ते बरोबर केलंस. इतके आठवडे थांबलीस ते चूक. दोन्ही लिहितो, कारण एकाने दुसरं फिटत नाही. त्या मुलीचं दार वाजवत जा. उघडलं नाही तरी वाजवत जा.

आता माझं. मी हसलो, मला अभिमान वाटतो, असं तुला जे कळवण्यात आलं त्यातलं मी काही बोललेलो नाही. तू गेल्यापासून तुझ्याबद्दल मी एक शब्द बोललेलो नाही. राग होता. अजून आहे. परदेशी गेलीस त्याचा नाही. पाटी रंगवली त्या दिवशी तू खाली शिडी धरून उभी होतीस. 'आणि कन्या' सरळ आलंय का, हे मी वरून विचारत होतो आणि तू 'थोडं डावीकडे' म्हणत होतीस. तेव्हा तुझा अर्ज गेलेला होता. तेव्हा सांगितलं असतंस तर मी खाली उतरलो असतो, एवढंच झालं असतं. राग त्याचा आहे. तो माझा आहे, म्हणून माझ्याच हाताने कळवतो.

पाटीवरची ती अक्षरं पुसायला रंगारी बोलावला होता. तो आला. त्याला परत पाठवला. का, ते मला विचारू नकोस.

आत्यावर रागावू नकोस. तिने यंत्र घातलंय, आता घरात हळू बोलावं लागतं.

चष्मा ओढणीला पुसायचा नाही. काचेला ओरखडे पडतात. शेवटच्या बाकावरून फळ्यावरचं स्पष्ट दिसतं, की डोळे बारीक करावे लागतात, ते कळव. आत्याला नाही. मला कळव.

बाबा